चौथी ओळ

“काका, हे एकदा वाचा आणि हो म्हणा. मागनं मला बोल लावायचा नाही.”

मी लॅपटॉप आमच्या सुतार गल्लीतल्या महाडिककाकांच्या पुढ्यात सरकवला. पडद्यावर मीच लिहिलेलं पान होतं. जुन्या टॅबवर नवी सिस्टिम कशी चढवायची, त्याच्या बारा पायऱ्या. आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत इशारा: ‘यात तुमचा टॅब कायमचा बंद पडू शकतो. तसं झाल्यास जबाबदारी सर्वस्वी तुमची.’ असलं काम फुकटात, हौसेनं करणारे जगभरचे लोक आपापल्या पानावर हा इशारा टाकतातच. मी त्याचं मराठी केलं होतं आणि ते मला फार रुबाबदार वाटायचं.

काका वाचायला लागले. एकेका ओळीखाली बोट ठेवून. विट्याच्या एसटी स्टँडवर बावीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारलेला माणूस. कागद समोर आला की पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत जाणार. मी टेबलाखाली पाय हलवत बसले होते.

“अहो, सगळं कशाला वाचताय? वरचं तेवढं वाचा.”

त्यांनी ऐकलं नाही. बारावी ओळ संपल्यावर टॅब जवळ ओढला आणि एका चौकोनावर बोट दाबलं. एक, दोन, तीन, चार. मग टॅबमधला घोगरा पुरुषी आवाज म्हणाला, “मंजूर आहे.”

त्या चार सेकंदांसाठीच तर हा सगळा खटाटोप होता.

घशाच्या कॅन्सरमध्ये दीड वर्षापूर्वी काकांची स्वरपेटी काढली होती. गळ्याला श्वासाचं भोक आणि त्यावर पातळ पांढरा रुमाल. घशाला लावून बोलायचं यंत्र त्यांना दिलं होतं, पण त्यातून निघालेला स्वतःचा आवाज ऐकून ते दोन दिवस जेवले नाहीत, असं शालनकाकी सांगायच्या. मग कुणीतरी त्यांना टॅबवरचं एक ॲप दाखवलं. चौकोनात वाक्य लिहून ठेवायचं, बोट ठेवलं की टॅब ते वाक्य बोलतो. काकांनी दीड वर्षात असे चारशे बारा चौकोन भरले होते. त्यात औषधं होती, शेजाऱ्यांची चौकशी होती, रागावणं होतं आणि काकींची थट्टा तर भरपूर होती. घरातसुद्धा ते स्टँडच्याच भाषेत बोलायचे. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं, चहा स्वयंपाकघरातून अजून सुटलेला नाही.” यावर काकी आतून ओरडायच्या, “गाडी पंक्चर हाय म्हणावं!”

पण टॅब म्हातारा झालेला. कंपनीनं त्याच्याकडे बघणं कधीच सोडलं होतं. बोट ठेवलं की तो चार सेकंद नुसता विचार करायचा. काकी विचारायच्या, “भात वाढू का?” काकांचं “नको” बाहेर पडेपर्यंत भात ताटात पडलेला असायचा. चार माणसं बसून बोलत असली, की काकांचं उत्तर येईपर्यंत विषय कुठल्या कुठे गेलेला. मग सगळे टॅबकडे बघून उगाच हसायचे, आणि काकाही हसायचे. मला ते हसू बघवत नसे.

घरी एक वेळ चालून जायचं. डेपोत चालणार नव्हतं. ऑपरेशनपासून काका पार्सलच्या खिडकीमागे बसत होते आणि आता ती खिडकी बंद होणार होती. आवाज न लागणारं काम उरलं होतं ते सांगलीच्या भांडारात. रोज जाता-येता दोन्ही वेळची धूळ आणि गळ्याला उघडं भोक. डॉक्टरांनी साफ नाही म्हणून सांगितलेलं. तेव्हा काकांनी डेपो मॅनेजर बागवान साहेबांना लिहून विचारलं, की मी टॅब माइकपुढे धरून गाड्या पुकारल्या तर? साहेब भला माणूस. म्हणाले, “सोमवारी सकाळी आठ ते नऊ बसून दाखवा महाडिक. सोमवारची गर्दी झेपली, तर मी वर कळवतो. पण गाडी लागल्यावर चार सेकंदांनी नाही बोलायचं. तोपर्यंत माणसं चुकीच्या फलाटावर पळतात.”

म्हणून शनिवारी दुपारी मी त्यांच्या घरच्या पुढल्या सोप्यात लॅपटॉप आणि केबल घेऊन बसले होते. मी तेव्हा बावीस वर्षांची, कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला. त्याच मॉडेलचा टॅब माझ्याकडे होता आणि त्याच्यासाठी मी नवी सिस्टिम बांधून ठेवली होती. कुठल्या कुठल्या देशांतले लोक ती उतरवून घ्यायचे. माझ्या हाताला स्वस्थ बसणं माहीत नव्हतं. चालू असलेली वस्तू दिसली की ती आणखी पळेल कशी, हेच डोक्यात. काकांच्या मागे मीच लागले होते: “द्या हो माझ्याकडे, तासाभरात पळायला लावते.”

सिस्टिम बदलायची तर टॅबचं कुलूप काढावं लागतं, आणि कुलूप काढलं की टॅब आतून पूर्ण पुसला जातो. म्हणून आधी चारशे बारा चौकोनांची नक्कल काढायची. ॲपनं विचारलं, कुठे ठेवू? यादीत मेमरी कार्ड दिसत होतं. मी कार्ड निवडलं. मिनिटभरात काम झालं.

“झालं काका. सगळं कार्डावर गेलं. आता बघा गंमत.”

काका बघत होते ते माझ्या लॅपटॉपकडे. त्यांचं बोट पडद्यावर वरच्या बाजूला कुठेतरी थांबलं होतं. मग त्यांनी घाईनं टॅब ओढून घेतला, काहीतरी टाईप केलं आणि बोलायचं बटण दाबलं. टॅब विचार करायला लागला.

“गप्पा नंतर हो काका,” म्हणत मी टॅब त्यांच्या हातातून काढून घेतला आणि दोन्ही बटणं एकदम दाबून धरली. पडदा काळा झाला. त्यांचं वाक्य टॅबच्या पोटातच राहिलं.

त्यांनी टेबलावर बोटांच्या पेरांनी ठकठक केलं. मी मान वर न करता म्हणाले, “पाच मिनिटं दम धरा की!” केबल जोडली, लॅपटॉपवर कुलूप काढायचा हुकूम टाईप केला आणि एन्टर दाबलं. मग कार्ड बाहेर काढून काकींच्या देव्हाऱ्यातल्या काड्याच्या पेटीत ठेवलं, हरवू नये म्हणून. एवढी काळजी मी घेतली होती.

पुढचा अर्धा तास माझ्या आयुष्यातला झकास अर्धा तास होता. रेघ सरकत गेली. टॅब बंद झाला, चालू झाला, माझं चिन्ह पडद्यावर फिरायला लागलं. काकी पदराला हात पुसत तीनदा येऊन गेल्या. “झालं व्हय गं ऋतुजा? बोलतोय का?” काका मात्र खुर्चीच्या कडेवर बसून होते आणि टॅबकडे न बघता काड्याच्या पेटीकडे बघत होते. मला वाटलं, सोमवारची धास्ती.

टॅब उठला. मी ॲप टाकलं, एक चौकोन केला, त्यात ‘चहा’ लिहिलं आणि बोट ठेवलं.

“चहा.”

बोट उचलायच्या आत! मी खुर्चीतून उडालेच. आवाज तेवढा बाईचा होता. नव्या सिस्टिमवर मराठीत तोच एक मिळत होता. काकी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. “अगं बया, ह्यांच्या तोंडातनं ही कोण बोलाय लागली?” काकाही हसले. त्यांनी पुन्हा बोट ठेवलं. चहा. पुन्हा. चहा, चहा, चहा. लहान पोरानं सायकलची घंटी वाजवावी तसं चाललं होतं त्यांचं.

“आता कार्ड घालू,” मी म्हणाले. पेटीतून कार्ड काढलं आणि खाचेत सरकवलं.

पडद्यावर पाटी आली: ‘हे कार्ड वाचता येत नाही. वापरण्यासाठी ते पुसावे लागेल.’

मी कार्ड काढलं, फुंकलं, परत घातलं. तीच पाटी. लॅपटॉपला लावलं, लॅपटॉपला तर त्यात काही दिसेचना. काकांच्या कार्डाची तऱ्हा वेगळी होती, ते तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. टॅबमधली जागा संपल्यावर त्यांनी ते टॅबचाच भाग म्हणून जोडून घेतलं होतं. असं कार्ड टॅब आपल्या किल्लीनं बंद करतो आणि ती किल्ली स्वतःच्या पोटात ठेवतो. मी टॅब पुसला, तशी किल्लीही पुसली. चारशे बारा वाक्यं माझ्या चिमटीत होती आणि ती उघडायचा मार्ग जगात कुणाकडे नव्हता.

“काय झालं गं?” काकींनी विचारलं.

“नवीन सिस्टिमला जुनं कार्ड ओळखता येत नाहीये,” मी म्हणाले. “होतं असं कधी कधी. मशीनची अडचण असते.”

हे मी बोलले. मला आजही ते वाक्य जसंच्या तसं आठवतं.

काकांनी खिडकीतली पाटी घेतली. टॅब चार्जिंगला असला की वापरायची, पोरांची असते तसली पाटी. त्यांनी लिहिलं, ‘किती राहिली?’

“एकपण नाही काका.”

त्यांनी पाटी पुसली. खडू पाटीवर टेकवला. मग तो तसाच ठेवून परसात निघून गेले.

“अगं, सोमवारी काय करायचं मग माणसानं?” काकींचा आवाज चढला. “दीड वरीस खपून लिवलंय त्येंनी! रातंदिस! माझ्या आईसंगं, माझ्या भावासंगं काय बोलायचं त्ये सुदिक लिवलं हुतं!”

मी केबल गुंडाळली आणि पळाले. मला काकींचं ओरडणं लागलं नाही. काकांना ओरडता आलं नाही, ते लागलं. त्यांच्या चौकोनांत रागवायची वाक्यंसुद्धा होती, आणि तीही मीच घालवली होती.

घरी मला बसवेना. पाणी प्यायले, जिना चढले, उतरले. आईनं विचारलं, “पायाला भिंगरी लागलीय का?” इंटरनेटवर जिथं असलं काम करणारे आम्ही सगळे एकमेकांना अडचणी विचारतो तिथं मी प्रश्न टाकला. तासाभरात एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं. त्या कार्डातून काही मिळणार नाही, हे त्यानं दोन शब्दांत सांगितलं होतं. आणि खाली लिहिलं होतं, ‘तुझ्याच पानावरची चौथी पायरी बघ.’

मी माझं पान उघडलं. ‘४. मेमरी कार्ड टॅबचाच भाग म्हणून जोडलेलं असेल, तर त्यावरची नक्कल नंतर उघडणार नाही. आधी तपासा.’

मीच लिहिलेलं. दुसऱ्यांसाठी. स्वतःचं पान स्वतः कोण वाचतं?

रविवारी सकाळी सात वाजता मी महाडिकांच्या दारात उभी होते. काका पायरीवर बसून गळ्याचा रुमाल बदलत होते.

“काका,” मी एका दमात म्हणाले, “मशीनची काही अडचण नव्हती. मी खोटं बोलले. चूक माझी आहे. कार्ड तपासायला पाहिजे होतं, मी नाही तपासलं. मला सगळं माहीत असून मी घाई केली.”

त्यांनी रुमालाची गाठ मारली. मग आत जाऊन पाटी घेऊन आले. वाटलं, आता लिहितील ते खाली मान घालून वाचायचं.

पाटीवर लिहिलं होतं, ‘नाष्टा करून आलीस का? आज उठायला मिळणार नाही.’

दिवसभर आम्ही तिघं टेबलाशी होतो. काका पाटीवर लिहायचे, मी चौकोनात टाईप करायची, काकी पाटी पुसायच्या. गाड्यांचं वेळापत्रक त्यांच्या डोक्यात होतं. कुठलाही कागद न बघता ते लिहीत गेले. तासगावमार्गे सांगली. मायणीमार्गे सातारा. कडेगावमार्गे कराड. भिवघाटमार्गे आटपाडी. फलाटांचे आकडे वेगळे चौकोन करून जोडायचे. माझी बोटं पळत होती आणि मन त्याहून पुढे. खिडकीत उन्हं सरकली की मी घड्याळ बघायची. मध्येच मी उठून फेऱ्या मारायची, की काका पेरांनी टेबल वाजवायचे: बस खाली.

एका पडद्यावर साठ चौकोन मावत, आणि पडदा बदलत बसायला सोमवारी वेळ नसणार. एकोणसाठ भरले तेव्हा काकांनी लिहिलं, ‘हरवलेल्या माणसाचा एक.’

“कशाला काका? उद्या एका तासात कोण हरवतंय? आणि हल्ली सगळ्यांकडे मोबाईल असतात. त्या जागी पुण्याची जादा गाडी टाकू.”

काकांनी मान हलवली. पाटीवर तेच वाक्य पुन्हा गिरवलं.

“टाक की गं,” काकी म्हणाल्या. “तुला न्हाई ठावं. गाडी पुकारली की माणसं गाडीकडं पळत्यात, पुकारणाऱ्याकडं कोण बगतंय? पर हरवलेलं पुकारलं, की मानूस ह्येंच्या खिडकीशी येतंय. तेवढंच. पोर सापडलेल्या दिवशी दोन भाकरी जादा खायाचे ह्ये.”

मी मुकाट्यानं साठावा चौकोन केला. नावाच्या जागी रिकामी जागा ठेवली. पुढचं वाक्य काकांनी सांगितलं तसंच लिहिलं.

घरातल्या वाक्यांना वेळ उरलाच नाही. काकी म्हणाल्या, “माझ्या थट्टंचं ऱ्हाऊ दे. ती त्येस्नी नव्यानं सुचंल.” आणि तोंड फिरवून चुलीकडे गेल्या.

सोमवारी पावणेआठला स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. कॉलेजची पोरं, कचेऱ्यांना जाणारे, माहेरपण संपवून निघालेल्या बायका. कंट्रोल केबिनच्या काचेमागे काका ताठ बसले होते, कडक इस्त्रीचा खाकी शर्ट, गळ्याला धुतलेला रुमाल. पुढ्यात टॅब, टॅबपुढे माइक. बागवान साहेब घड्याळ बघत दाराशी. मी वडापावच्या गाड्यामागे उभी राहिले. काकांना दिसले तर त्यांचं लक्ष उडेल, असं वाटत होतं.

आठला पाच कमी असताना कराड गाडी वळून आत आली. काकांचं बोट खाली गेलं आणि त्याच क्षणी भोंग्यातून आवाज घुमला, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. कडेगावमार्गे कराडला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे.”

गर्दी चारकडे वळली. एक ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, “कंट्रोलला बाई आली काय रं नवीन?” कंडक्टर म्हणाला, “बाई न्हवं, महाडिक हायत!” ड्रायव्हरनं गाडी थांबवून काचेकडे बघितलं आणि सलाम ठोकला.

सातारा झाली. आटपाडी झाली. साहेबांनी घड्याळाकडे बघणं थांबवलं होतं.

मग आठ वीसला दोन नंबरवर उभी असलेली पुणे गाडी बंद पडली. धक्के मारून बघितले, हलेना. तेवढ्यात फाटकातून सांगली गाडी शिरली. सांगलीची शंभरएक माणसं दोन नंबरपुढे खोळंबलेली, आणि तिथं जागाच नाही. एका कंडक्टरनं पळत जाऊन काकांच्या खिडकीत चिठ्ठी सरकवली. काकांनी चिठ्ठी वाचली. असल्या घोटाळ्याचा चौकोन आमच्या साठात नव्हता. म्हणजे टाईप करायचं होतं. पहिल्यापासून, नव्या कीबोर्डवर, ज्याची अक्षरं कुठे आहेत हे त्यांना कालच कुठे माहीत झालेलं.

काकांनी मान खाली घातली. गाडी वळत होती. साहेब दारातून आत सरकले आणि माइककडे त्यांचा हात गेला.

मला पुढचं बघवलं नाही. मी वळले आणि गर्दीतून वाट काढत स्टँडच्या बाहेर गेले, रस्ता ओलांडून उसाच्या रसाच्या गाड्यापर्यंत. “एक द्या,” म्हणाले. चरक सुरू झाला आणि त्याच्या खडखडाटात काही ऐकू येईना. तेच मला हवं होतं.

ग्लास हातात आला, चरक थांबला आणि रस्त्यापलीकडून आवाज आला, “...जाणारी गाडी दोनऐवजी फलाट क्रमांक पाचवर लागत आहे. घाई करू नये, गाडी सर्वांना घेऊनच सुटेल.”

शेवटचं वाक्य कुठल्याही चौकोनात नव्हतं. ते काकांनी आपलं आपण घातलं होतं.

ते आता नीट चाललं होतं, हे मला तिथूनही कळत होतं. एकामागून एक गाड्या पुकारल्या जात होत्या. तरी माझा पाय आत जायला उचलेना. नऊ वाजले. काम संपलं. आता काय बोलायचं त्यांच्याशी? मी ग्लास परत केला आणि कॉलेजच्या दिशेनं चालायला लागले.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं.”

मी चालत राहिले.

“सुतार गल्लीतील कुमारी ऋतुजा देवकर जिथं असतील तिथून त्यांनी कंट्रोल केबिनजवळ यावं. त्यांची माणसं त्यांची वाट बघत आहेत.”

भर रस्त्यात माझे डोळे वाहायला लागले. रसवाला म्हणाला, “ताई, तुमालाच पुकारत्यात काय?” भोंगा परत म्हणाला, “कुमारी ऋतुजा देवकर.” मी परत फिरले आणि पळत सुटले.

खिडकीशी काकी उभ्या होत्या. बागवान साहेब कागदावर काहीतरी लिहीत होते, मान वर न करता म्हणाले, “सापडलीस का? मी वर कळवतोय. उद्यापासून काका इथंच बसणार. टॅबचं बिघडलं तर तुला बोलवू.”

“बोलवा,” मी म्हणाले. मग खिडकीच्या गोल भोकाशी वाकले. मला एक गोष्ट दोन दिवस पोखरत होती. “काका, शनिवारी मी टॅब बंद केला, तेव्हा तुम्ही काहीतरी बोलत होता. काय म्हणत होता?”

नको विचारूस, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी हलले नाही. तेव्हा त्यांनी टॅब जवळ ओढला, माइक बाजूला केला आणि सावकाश टाईप केलं. बोट ठेवलं. आवाज लगेच आला.

“थांब. चौथी ओळ वाच. माझं कार्ड तसलं आहे.”

मी काचेला धरून उभी राहिले. त्यांचं सगळं वाचून झालेलं होतं. त्यांनी मला सांगितलंही होतं. वाक्य टॅबच्या पोटात होतं, बाहेर यायला चार सेकंद हवे होते, आणि मी त्यांच्या हातातून टॅब काढून घेतला होता. त्यानंतर पाटी होती, खडू होता, दोन दिवस होते. एवढ्यात त्यांनी हे एकदाही लिहिलं नाही.

“मग रविवारी का नाही बोललात?”

त्यांनी पुन्हा टाईप केलं. “तू आपणहून आलीस. गाडी फलाटावर लागल्यावर परत कशाला पुकारायची?”

मागून एक म्हातारी मला ढकलत म्हणाली, “ए पोरी, सरक की. आटपाडी कवा हाय, इचारू दे.” काकांनी तिच्याकडे बघितलं, आणि ती विचारायच्या आत टॅब बोलला.

काका सहा वर्षांनी तिथूनच निवृत्त झाले. माझं दुकान आता स्टँडच्या समोर आहे. लोक जुने फोन, जुने टॅब घेऊन येतात. पानावरचा तो रुबाबदार इशारा मी त्याच दिवशी काढून टाकला. शेवटचं बटण दाबायच्या आधी मी वस्तू समोरच्या माणसाच्या हातात परत देते, हात मांडीवर ठेवते आणि मनात चारपर्यंत मोजते. गिऱ्हाईकं वैतागतात. परवाच एक जण बाहेर पडताना दुसऱ्याला सांगत होता, “काम चांगलं करते, पण बाई लई सावकाश.”